अमेरिकेतील एफ-१ विद्यार्थ्यांच्या रोजगाराचे नियम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पूर्णवेळ शिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना सामान्यतः एफ-१ या वर्गाचा विद्यार्थी व्हिसा दिला जातो. या विद्यार्थ्यांनी कोठे, केव्हा, किती तास आणि कोणाच्या परवानगीने काम करावे याविषयीच्या तरतुदींना एफ-१ रोजगार नियम असे म्हणतात. एफ-१ दर्जा शिक्षणासाठी असतो, उपजीविकेसाठी नसतो, हे या नियमांचे मूळ सूत्र होय. त्यामुळे रोजगार हा विद्यार्थ्याचा हक्क मानला जात नाही. शिक्षणाला पूरक अशी मर्यादित सवलत म्हणूनच तो मान्य केला जातो. परवानगीविना केलेले काम, मग ते आठवड्यातील काही तासांचे का असेना, विद्यार्थ्याचा दर्जा संपुष्टात आणू शकते.

'इंटरनॅशनल एज्युकेशन एक्स्चेंज'विषयक 'ओपन डोअर्स' या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ११,२६,६९० परदेशी विद्यार्थी होते. त्यांपैकी ३,३१,६०२ भारतीय असून २००९ नंतर प्रथमच भारत या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. एकूण विद्यार्थ्यांपैकी २,४२,७८२ जण शिक्षणोत्तर प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या सवलतीखाली काम करीत होते. यावरून रोजगारविषयक नियमांचे महत्त्व ध्यानात येते.

व्हिसा आणि दर्जा

व्हिसा आणि दर्जा या दोन संज्ञांची गल्लत वारंवार होते. व्हिसा म्हणजे पारपत्रावर उमटवलेली, देशाच्या प्रवेशद्वाराशी जाऊन प्रवेशाची मागणी करण्याची अनुमती. ती वकिलातीतून मिळते. महाराष्ट्रातील अर्जदारांचे काम मुख्यत्वे मुंबईतील अमेरिकी महावाणिज्य दूतावासात चालते. दर्जा मात्र देशात प्रवेश मिळाल्यानंतर प्राप्त होतो आणि विद्यार्थ्याच्या वर्तनानुसार टिकतो किंवा जातो. व्हिसाची मुदत संपली तरी दर्जा अबाधित राहू शकतो. उलट पारपत्रावरील व्हिसा वैध असतानाही नियमभंगामुळे दर्जा गमावला जाऊ शकतो. रोजगाराचे सर्व नियम दर्जाशी निगडित आहेत.

दर्जाचा पुरावा म्हणजे आय-२० हा दाखला. तो प्रवेश देणारी शिक्षणसंस्था देते. अभ्यासक्रमाचे नाव, त्याची मुदत, अंदाजे खर्च, निधीचा स्रोत आणि मंजूर झालेल्या रोजगाराची नोंद त्यावर असते.

इतिहास

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, किंवा भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा आजच्या अर्थाचा विद्यार्थी व्हिसा अस्तित्वात नव्हता. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने देशवार संख्यामर्यादा घातल्या आणि विद्यार्थ्यांना त्या मर्यादांतून वगळण्यात आले. १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्याने विद्यार्थ्यांसाठी 'एफ' हा स्वतंत्र बिगर-स्थलांतरित वर्ग निश्चित केला. कायमच्या वास्तव्याचा हेतू नसणे ही त्याची अट होती आणि ती आजही कायम आहे.

शिक्षणाला जोडून प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊ देण्याची कल्पना याहून जुनी आहे. १९४७ च्या नियमावलीतच विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी काम करण्याची सोय होती. १९८६ च्या कायद्याने प्रत्येक नोकरदात्यावर कर्मचाऱ्याची काम करण्याची पात्रता तपासण्याचे बंधन घातले. आय-९ हे त्यासाठीचे प्रपत्र होय. १९९२ मध्ये प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचे 'अभ्यासक्रमांतर्गत' आणि 'ऐच्छिक' हे आजचे दोन प्रकार रूढ झाले.

१९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर बॉम्बस्फोटानंतर परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एकत्र ठेवण्याची मागणी पुढे आली आणि १९९६ च्या कायद्याने तशी तरतूद केली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर या कामाला वेग आला. २००३ पासून 'सेव्हिस' ही संगणकीय नोंदप्रणाली अनिवार्य झाली. त्यापूर्वी कागदांच्या फायलींत राहणारी विद्यार्थ्याची माहिती तेव्हापासून गृहसुरक्षा विभागाला थेट दिसू लागली.

प्रशासकीय रचना

रोजगाराच्या परवानगीशी प्रामुख्याने तीन घटकांचा संबंध येतो.

पहिला घटक म्हणजे शिक्षणसंस्थेने नेमलेला अधिकारी. त्याला संक्षेपाने 'डीएसओ' म्हणतात. तो विद्यापीठाचा कर्मचारी असतो. परंतु सेव्हिस प्रणालीतील नोंदी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असते. नियमभंग आढळल्यास तो कळवणे त्याला भाग असते.

दुसरा घटक म्हणजे नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभाग, म्हणजेच 'यूएससीआयएस'. काही प्रकारच्या कामांसाठी हा विभाग रोजगार-अनुमतीचे ओळखपत्र देतो. त्यास 'ईएडी' म्हणतात.

तिसरा घटक म्हणजे नोकरदाता. आय-९ प्रपत्र भरून घेणे त्याला बंधनकारक आहे. विद्यार्थ्याला पात्रता नाही हे ठाऊक असूनही त्याला कामावर ठेवल्यास नोकरदात्यालाही दंड होऊ शकतो.

संस्थेच्या आवारातील काम

आवारातील कामाची मुभा पहिल्या सत्रापासून मिळते. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासूनही असे काम करता येते. त्यासाठी यूएससीआयएसची स्वतंत्र परवानगी लागत नाही; मात्र विद्यार्थी आपला दर्जा राखून असला पाहिजे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, भोजनगृह, संगणककक्ष, अध्यापन-साहाय्य आणि संशोधन-साहाय्य ही या कामांची नेहमीची उदाहरणे होत.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. सुट्टीच्या काळात पूर्णवेळ काम करता येते. या मर्यादेसंबंधी तीन बाबी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली बाब अशी, की मर्यादा सर्व कामांची मिळून असते. संशोधन-साहाय्यकाच्या नेमणुकीचे २० तास भरत असतील, तर त्याच आठवड्यात ग्रंथालयात आणखी दोन तास बसणे नियमबाह्य ठरते.

दुसरी बाब अशी, की तासांची सरासरी काढली जात नाही. एका आठवड्यात १५ आणि दुसऱ्या आठवड्यात २५ तास काम केल्यास सरासरी २० येते. तरी दुसऱ्या आठवड्यात नियमभंग झालेला असतो.

तिसरी बाब अशी, की 'आवारात' या शब्दाचा अर्थ केवळ भौगोलिक नाही. विद्यार्थ्यांना थेट सेवा पुरवणारे पुस्तकांचे दुकान किंवा उपाहारगृह खासगी कंपनीचे असले तरी तेथील काम आवारातील मानले जाते. त्याच आवारात इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराकडील काम मात्र त्यात बसत नाही. आवाराबाहेर असूनही संस्थेशी शैक्षणिकदृष्ट्या संलग्न असलेल्या ठिकाणचे काम यात मोडू शकते.

या कामाने शिक्षणाचा खर्च भागेल, ही अपेक्षा सहसा फोल ठरते. संघराज्याचा किमान वेतनदर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. अनेक राज्यांत तो याहून जास्त आहे. किमान दराने आठवड्याचे २० तास धरल्यास करपूर्व उत्पन्न १४५ डॉलर होते. त्यातून किराणा आणि प्रवासखर्च निघू शकतो. शिक्षणशुल्क निघत नाही. म्हणूनच आय-२० मिळवताना दाखवायच्या निधीत भावी मिळकतीचा आधार घेता येत नाही. मंजूर झालेले साहाय्यकाचे वेतन तेवढे त्यात धरले जाते.

आर्थिक अडचणीच्या कारणाने काम

एक पूर्ण शैक्षणिक वर्ष संपल्यानंतर अनपेक्षित आणि गंभीर आर्थिक अडचण उद्भवल्यास विद्यार्थी आवाराबाहेर काम करण्याची परवानगी मागू शकतो. स्वतःचा दोष नसताना आर्थिक साहाय्य बंद होणे, स्वदेशी चलनाची मोठी घसरण, शुल्कात असाधारण वाढ, खर्च पुरवणाऱ्या पालकाच्या परिस्थितीत अकस्मात झालेला बदल, मोठा वैद्यकीय खर्च ही त्याची मान्य कारणे होत. प्रवेशाच्या वेळीच ठाऊक असलेली टंचाई हे कारण म्हणून चालत नाही. डीएसओच्या शिफारशीसह आय-७६५ हा अर्ज यूएससीआयएसकडे करावा लागतो. अनुमती एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि सत्रकाळात २० तासांची मर्यादा येथेही लागू होते.

एखाद्या देशावर मोठे संकट कोसळल्यास त्या देशाच्या विद्यार्थ्यांसाठी गृहसुरक्षा विभाग काही अटी तात्पुरत्या शिथिल करू शकतो. १९९८ मध्ये आशियाई आर्थिक अरिष्टाच्या वेळी इंडोनेशिया, दक्षिण कोरिया, मलेशिया, थायलंड आणि फिलिपाइन्स येथील विद्यार्थ्यांना, तर २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळी विद्यार्थ्यांना अशी सवलत देण्यात आली होती.

अभ्यासक्रमांतर्गत प्रात्यक्षिक प्रशिक्षण

हा प्रकार 'सीपीटी' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असलेली उमेदवारी, म्हणजेच इंटर्नशिप, किंवा संस्था आणि उद्योग यांच्या सहकार्याने चालणारे प्रशिक्षण यात येते. परवानगी डीएसओ देतो आणि ती आय-२० वर नोंदवली जाते. ईएडी लागत नाही. ही परवानगी विशिष्ट नोकरदाता आणि विशिष्ट कालावधी यांपुरतीच असते. कंपनी बदलल्यास नवी परवानगी घ्यावी लागते.

सामान्यतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच सीपीटी मिळते. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आरंभापासून प्रत्यक्ष काम आवश्यक असते, त्यांना या अटीतून सूट आहे. या सुटीचा आधार घेऊन काही संस्था पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ कामाची परवानगी देऊ करतात. अशा प्रवेशांकडे अधिकारी संशयाने पाहतात. कारण तेथे शिक्षण दुय्यम आणि नोकरी मुख्य ठरण्याचा संभव असतो. पुढे एच-१बी अर्जाच्या वेळी या काळाविषयी प्रश्न विचारले जाऊ शकतात आणि काम खरोखर अभ्यासक्रमाचा भाग होते हे उमेदवाराला दाखवावे लागते.

आठवड्याला २० तासांपर्यंतचे काम अर्धवेळ आणि त्याहून अधिक असलेले पूर्णवेळ समजले जाते. एका शैक्षणिक पातळीवर १२ महिने किंवा अधिक काळ पूर्णवेळ सीपीटी घेतल्यास त्याच पातळीवरील ऐच्छिक प्रशिक्षणाचा हक्क जातो. अर्धवेळ सीपीटीमुळे तो जात नाही.

ऐच्छिक प्रात्यक्षिक प्रशिक्षण

'ओपीटी' म्हणून परिचित असलेली ही सवलत भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक उच्चतर शैक्षणिक पातळीमागे १२ महिने, शिकलेल्या मुख्य विषयाशी थेट संबंधित असे काम तिच्याखाली करता येते. पदवीनंतर एकदा ओपीटी घेतलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणानंतर ती पुन्हा मिळू शकते. दुसरी पदव्युत्तर पदवी घेतल्यास मात्र मिळत नाही, कारण पातळी बदललेली नसते.

शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीही ओपीटी वापरता येते. पण तो काळ १२ महिन्यांतून वजा होतो. अर्धवेळ काम निम्म्या दराने मोजले जाते. समजा, एखाद्याने सत्रकाळात सहा महिने अर्धवेळ ओपीटी वापरली. तर तीन महिने खर्ची पडले असे धरून शिक्षणोत्तर नऊ महिने उरतात.

शिक्षणोत्तर ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून तो संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएसकडे पोहोचावा लागतो. कामाची आरंभतारीख अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतील असावी लागते. ईएडी मंजूर होऊन त्यावरील आरंभतारीख उगवल्याखेरीज एक दिवसही काम करता येत नाही. अर्ज प्रलंबित असणे म्हणजे परवानगी नव्हे.

शिक्षणोत्तर ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक बेरोजगारी चालत नाही. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. तुटक दिवसांचीही बेरीज होते आणि शनिवार-रविवारही त्यात धरले जातात. आठवड्याला किमान २० तासांचे काम रोजगार म्हणून मोजले जाते. पत्ता किंवा नोकरदाता बदलल्यास १० दिवसांच्या आत कळवावे लागते. मुदत संपल्यावर देश सोडण्यासाठी, दर्जा बदलण्यासाठी किंवा नव्या अभ्यासक्रमात प्रवेश घेण्यासाठी ६० दिवसांचा अवधी मिळतो. त्या अवधीत काम करता येत नाही.

विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी मुदतवाढ

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांना मिळून 'स्टेम' म्हणतात. गृहसुरक्षा विभागाच्या यादीतील स्टेम पदवी असलेल्या विद्यार्थ्यांना ओपीटीनंतर २४ महिन्यांची वाढ मिळू शकते; म्हणजे एकूण ३६ महिने. पदवीचे नाव नव्हे, तर आय-२० वरील अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक यादीत आहे की नाही, हे निर्णायक असते. एकाच नावाचा अभ्यासक्रम एका विद्यापीठात यादीत बसणारा आणि दुसऱ्यात न बसणारा असू शकतो. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वीच हा क्रमांक पाहणे हितावह ठरते.

या वाढीच्या अटी अधिक कडक आहेत. नोकरदाता 'ई-व्हेरिफाय' या शासकीय पडताळणी व्यवस्थेत नोंदलेला असावा लागतो. आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा विद्यार्थी आणि नोकरदाता या दोघांनी भरून स्वाक्षरी करावयाचा असतो. वेतन त्याच प्रकारच्या अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या तोडीचे असावे लागते. विनावेतन काम चालत नाही. दर सहा महिन्यांनी माहितीची पुष्टी करावी लागते आणि पहिल्या १२ महिन्यांनंतर व शेवटी स्वयंमूल्यमापन सादर करावे लागते. बेरोजगारीची मर्यादा आधीच्या ९० दिवसांसह एकूण १५० दिवस होते. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असल्यास जुन्या ओपीटीची मुदत संपल्यावरही १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते.

एच-१बीकडे जाणारा दुवा

ओपीटीनंतर अनेक विद्यार्थी एच-१बी या कुशल कर्मचारी वर्गाकडे वळतात. या वर्गात वर्षाला ६५,००० जागा असून अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर किंवा त्याहून वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. मागणी जास्त असल्याने निवडप्रक्रिया होते. संघराज्याचे वित्तीय वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. ओपीटी मात्र उन्हाळ्यात संपू शकते. ही मधली पोकळी भरून काढणाऱ्या तरतुदीला 'कॅप-गॅप' म्हणतात. वेळेत एच-१बी अर्ज आणि दर्जाबदलाची मागणी केलेल्या विद्यार्थ्याचा दर्जा व कामाची अनुमती तिच्यामुळे आपोआप वाढते. पूर्वी ही वाढ १ ऑक्टोबरपर्यंत होती. जानेवारी २०२५ पासून ती पुढील १ एप्रिलपर्यंत मिळू शकते.

इतर विद्यार्थी वर्ग आणि कुटुंबीय

व्यावसायिक शिक्षणासाठीच्या एम-१ वर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षण चालू असताना काम करता येत नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, असे जास्तीत जास्त सहा महिने प्रशिक्षण मिळते. विनिमय कार्यक्रमाच्या जे-१ वर्गाचे नियम वेगळे असून त्यातील काहींना शिक्षणानंतर दोन वर्षे स्वदेशी परतण्याची अट असते.

एफ-१ विद्यार्थ्याच्या पती वा पत्नीस एफ-२ दर्जा मिळतो आणि त्यावर नोकरी करण्यास पूर्ण मनाई आहे. जे-१ धारकाच्या जोडीदाराला मात्र कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो.

करविषयक बाबी

रोजगाराची परवानगी आणि करदायित्व या स्वतंत्र बाबी आहेत. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे सामान्यतः करदृष्ट्या अनिवासी समजला जातो. या काळात त्याच्या परवानगीयुक्त कामाच्या वेतनातून सामाजिक सुरक्षा कर आणि मेडिकेअर कर कापला जात नाही. कर्मचाऱ्याच्या वाट्याचे या करांचे दर अनुक्रमे ६.२ आणि १.४५ टक्के आहेत. आयकर मात्र भरावा लागतो. वर्षभर काहीच मिळकत नसली तरी ८८४३ हे प्रपत्र सादर करणे आवश्यक असते. भारत-अमेरिका करार २१ व्या कलमानुसार पात्र भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेण्याची सवलत देतो. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही.

नियमभंगाचे परिणाम

आवाराबाहेरील पेट्रोलपंप, उपाहारगृह किंवा किराणा दुकान येथे रोखीने घेतलेले काम हे नियमभंगाचे नेहमीचे उदाहरण होय. वेतन रोखीने मिळाले, वेतनचिठ्ठी नाही किंवा मालक ओळखीचा आहे, यामुळे ते काम वैध होत नाही. भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे प्रवासी वाहतूक किंवा खाद्यपदार्थ पोहोचवणे हेदेखील परवानगीविना अवैधच ठरते. बँकेतील ठेवींवरचे व्याज किंवा समभागांवरील लाभांश यांस रोजगार समजत नाहीत.

परवानगीविना काम केल्याचे आढळल्यास सेव्हिसमधील नोंद संपुष्टात आणली जाते. इतर काही चुकांनी दर्जा गेल्यास तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. परंतु अवैध रोजगार केलेल्या विद्यार्थ्याला नियमानुसार ही वाट बंद असते. पुढील व्हिसा, एच-१बी किंवा कायम वास्तव्याच्या अर्जातही हा इतिहास आड येऊ शकतो.

या भीतीचा गैरफायदा नोकरदाते घेतात. चोरून काम करणारा विद्यार्थी कमी वेतन, थकलेला पगार किंवा अपघात यांविषयी तक्रार करण्यास कचरतो. किमान वेतनाचा कायदा अशा कामगारालाही लागू असतो. पण दाद मागताना आपला दर्जा उघड होईल, या धास्तीने बहुतेक जण गप्प राहतात.

बनावट आणि संशयास्पद संस्था

कामाच्या परवानगीचे आमिष दाखवून प्रवेश देणाऱ्या संस्थांमुळे भारतीय विद्यार्थी अनेकदा अडचणीत आले आहेत. कॅलिफोर्नियातील प्लेझंटन येथील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला. तेथील बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते. त्यांतील काहींच्या पायांत ठावठिकाणा कळवणारी विद्युतयंत्रे बसवण्यात आली आणि भारत सरकारने त्याचा निषेध नोंदवला. संस्थाचालिकेला २०१४ मध्ये १६ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली.

मिशिगन राज्यातील 'फार्मिंग्टन विद्यापीठ' तर अमेरिकी तपासयंत्रणेनेच सापळा म्हणून उभारले होते. तेथे शिक्षक नव्हते आणि वर्गही भरत नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये ही बाब उघड होऊन मध्यस्थांवर खटले भरण्यात आले आणि अनेक विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. त्यांत १२९ भारतीय होते. भारताने दिल्लीतील अमेरिकी दूतावासाकडे लेखी निषेध नोंदवला. विद्यार्थ्यांना फसवणुकीची कल्पना होती, असे शासनाचे म्हणणे होते. शासनमान्य यादीत नाव असलेल्या संस्थेवर विश्वास ठेवल्याबद्दल आपल्याला शिक्षा झाली, अशी काही विद्यार्थ्यांची बाजू होती. शुल्कपरतीच्या दाव्याला २०२४ मध्ये अपील न्यायालयाने पुढे चालण्यास मुभा दिली.

वाद आणि न्यायालयीन निर्णय

ओपीटी संसदेच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत नमूद नाही. ती प्रशासकीय नियमांतून आली आहे. त्यामुळे तिच्या वैधतेला आव्हाने दिली गेली. स्टेम मुदतवाढ प्रथम २००८ मध्ये १७ महिन्यांची होती. तंत्रज्ञान कामगारांच्या 'वॉशटेक' या संघटनेच्या दाव्यात ऑगस्ट २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने, जनतेच्या सूचना न मागवता केलेला नियम म्हणून तो रद्द ठरवला. शासनाने सूचना मागवून नवा नियम केला. तो १० मे २०१६ पासून अमलात आला आणि वाढ २४ महिन्यांची झाली. याच संघटनेच्या दुसऱ्या दाव्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ओपीटी वैध ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला.

विरोधकांच्या मते, सामाजिक सुरक्षा करातील सूट आणि संख्यामर्यादेचा अभाव यांमुळे नोकरदात्यांना अमेरिकी पदवीधरांपेक्षा परदेशी पदवीधर स्वस्त पडतात. समर्थकांच्या मते, प्रत्यक्ष अनुभवावाचून तांत्रिक शिक्षण अपुरे राहते आणि ही संधी नसेल तर विद्यार्थी अन्य देशांकडे वळतील.

२०२५ च्या वसंत ऋतूत हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक संपुष्टात आणण्यात आल्या. अनेक न्यायालयांनी त्याविरुद्ध तात्पुरते आदेश दिल्यावर एप्रिलच्या अखेरीस नोंदी पूर्ववत करण्यास सुरुवात झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये, अभ्यासक्रम चालू असेपर्यंत वास्तव्य या जुन्या पद्धतीऐवजी निश्चित मुदतीचा प्रवेश देण्याचा प्रस्ताव गृहसुरक्षा विभागाने मांडला.

इतर देशांतील नियम

कॅनडात पात्र विद्यार्थ्यांना सत्रकाळात आवाराबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते. पूर्वीची २० तासांची मर्यादा नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात तात्पुरती उठवण्यात आली होती. २४ तासांचा नियम ८ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला.

ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरील पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी सामान्यतः २० तासांची मर्यादा असून आठवडा सोमवार ते रविवार असा मोजला जातो. स्वयंरोजगारास मनाई आहे.

ऑस्ट्रेलियात मर्यादा पंधरवड्याची असते; १ जुलै २०२३ पासून ती ४८ तास आहे. पदव्युत्तर संशोधन करणाऱ्यांना तासांचे बंधन नाही.

जर्मनीत १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पूर्वी ही संख्या १२० आणि २४० होती.

भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्व

महाराष्ट्रातून अमेरिकेला जाणारे बहुसंख्य विद्यार्थी अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, विदाविज्ञान आणि व्यवस्थापन यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना जातात आणि त्यांतील अनेकांचा खर्च शैक्षणिक कर्जातून भागतो. कर्जाचे हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यानंतर ठरावीक महिन्यांनी सुरू होतात. ओपीटीचा आरंभ आणि बेरोजगारीच्या ९० दिवसांची मोजणीही त्याच सुमारास होते. रुपयांत फेडायचे कर्ज डॉलरच्या मिळकतीवर अवलंबून असल्यामुळे, नोकरी मिळण्यास झालेला विलंब घरच्या तारण ठेवलेल्या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतो. याच ओढाताणीतून काही विद्यार्थी नियमबाह्य कामाकडे किंवा केवळ कागदोपत्री नोकरी दाखवणाऱ्या सल्लागार कंपन्यांकडे वळतात. अशा कंपन्यांवर कारवाई झाल्यास त्यांच्या नोंदीत नाव असलेल्या विद्यार्थ्यांचीही चौकशी होते.

एखाद्या कामाची वैधता ठरवताना सर्वसाधारणपणे चार बाबी तपासल्या जातात: काम कोणत्या वर्गात बसते, परवानगी कोणी द्यावयाची आहे, ती लेखी मिळाली आहे काय, आणि तिच्यावरील आरंभतारीख उलटली आहे काय. मित्राचा अनुभव, मध्यस्थाचे आश्वासन किंवा नोकरदात्याचा होकार यांपैकी कशालाही परवानगीचे स्थान नाही. नियम वेळोवेळी बदलत असल्याने काम स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी खातरजमा करून घेण्याची पद्धत रूढ आहे.